मामाचं नाचाचं गाणं

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रोज चार ओळी लिहायच्या. कोण आलं, काय केलं, काय विसरलात. आता विसरलेलं आठवत असतं तर मी त्यांच्या दारात गेलेच असते कशाला? पण हे त्यांना विचारलं नाही. बाई तरुण आहेत आणि सारख्या मान डोलावतात. मोठी तपासणी एकोणीस तारखेला.

उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. भल्याभल्या लेखकांच्या चुका लाल शाईने बाहेर काढल्या, आणि आता माझंच डोकं कुणीतरी तपासणार. घ्या!

तर, आजवरचा हिशेब. घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, भाजीच्या कप्प्यात. दुधाचं भांडं जळून काळंठिक्कर झालं. आणि शेजारणीला मी तिच्या कुत्र्याची खुशाली विचारली, ज्याला जाऊन दोन महिने झाले. ती बिचारी दारातच रडायला लागली.

लेक सगळं बघतेय, बोलत काही नाही. चोवीस तारखेला तिची रजा संपतेय. सात महिन्यांची गुंडी (तोंड अगदी कोटाच्या गुंडीसारखं गोल, म्हणून हे नाव) दिवसभर माझ्याकडे राहणार, हे ती जन्मायच्या आधीपासून ठरलेलं होतं. आता गेले पंधरा दिवस लेक पाळणाघरं पालथी घालतेय. का, ते विचारायची माझी छाती होत नाही. तिने तिच्या आजीचे शेवटचे दिवस पाहिलेत. आई मला ‘बाई’ म्हणायची. ‘बाई, तुम्ही कुठून आलात?’

विसरले: छत्री, डॉक्टरीणबाईंकडे.

५ मार्च, बुधवार

डोक्याला व्यायाम म्हणून घरातली एखादी गोष्ट नीट लावा, असं बाईंनी सांगितलं होतं. मी रेकॉर्डींचं कपाट काढलं. तीन फळ्या भरून आहेत. आमचे हे म्हणतात, दुसऱ्यांच्या बायका सोनं जमवतात. म्हणोत. दुसऱ्यांचे नवरे घरात बसून कवळ्या बनवत नाहीत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आजसुद्धा वरचे दात वाळत पडलेत.

आणि काय सापडावं! व्हायोलिनच्या एका मोठ्या रेकॉर्डच्या कव्हरात, आत सरकवून ठेवलेली छोटी रेकॉर्ड. मधला पिवळा कागद ओल लागून विरलाय. गाणाऱ्याचं नाव गेलं. एक ताडाचं झाड आणि ‘घाना’ एवढंच उरलंय. आई गेली तेव्हा मीच कुठेतरी दडवली होती, नजरेला पडू नये म्हणून. मग कुठे ते गेलं डोक्यातून.

मामा मालवाहू जहाजावर इंजिनात तेल घालायच्या कामाला होता. पश्चिम आफ्रिकेतल्या बंदरातून त्याने ही आईसाठी आणली. मी तेव्हा तान्ही होते. आई कपडे शिवायची, आणि दुपारी मशीनवर बसली की हीच लावायची. मला अजून सगळं पाठ आहे. एक म्हातारा अगदी सावकाश, जड आवाजात गातो, पाठीवर पोतं असल्यासारखा. मागे घंटा, ठण्… ठण्… आणि मध्येच जहाजाचा भोंगा. दोनदा. तो मामाच्याच जहाजाचा, अशी माझी खात्री होती. आई ह्याला म्हणायची ‘मामाचं नाचाचं गाणं’ आणि हसायची, कारण त्याच्यावर नाचून दाखवणारा माणूस जन्माला यायचा होता. घरात कुणी रेंगाळलं की लगेच, ‘चालला बघा मामाचा नाच!’

रेकॉर्डी लावायच्या फोनोच्या कळीला आईने काळा दोरा गच्च गुंडाळला होता. हात लावला की चापट. एवढं मला आठवतंय, आणि म्हणे मी विसरते.

आज लावली नाही. मागच्या खोलीत कवळी घासणं चाललं होतं. त्या घरघरीत मला आईचं गाणं ऐकायचं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

कसं लिहू?

हे दात पोचवायला बाहेर गेले होते. मी रेकॉर्ड पुसली, लावली. छोटी म्हणजे पंचेचाळीस फेरे मिनिटाला, मोठी म्हणजे तेहतीस. इतकी वर्षं झाली, माझं बोट आपोआप कळ सरकवतं. सुई टेकवली आणि डोळे मिटून बसले.

म्हातारा आलाच नाही. कुणी विशीतला पोरगा गात होता, हसत हसत, टणाटण उड्या मारत. गिटारी काय, ढोल काय, ट्रंपेट काय! घंटा आहे, पण ती शाळा सुटल्यासारखी बडवतायत. भोंगा नाही. पुन्हा लावली. उलटी करून लावली. मागच्या बाजूला भलतंच काहीतरी. पुन्हा सुलटी. नाहीच.

ताडाचं झाड तेच. कडेला माझ्या दुधाच्या दाताचा ओरखडा, तोही तोच. गाणं मात्र माझं नाही.

हे आले ते दारातूनच ठेका धरून. “वा! काय फक्कड आहे गं! कुठे लपवून ठेवली होतीस?”

“अहो, हे ते नाहीये,” मी म्हटलं.

“मग ते कुठलं?”

मी गुणगुणून दाखवलं. म्हातारा, घंटा, भोंगासुद्धा. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत. मग म्हणाले, “छान आहे हेही.”

‘हेही’! वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

किल्ल्या विसरणं वेगळं. पण माझं डोकं आता नसलेली गाणी रचायला लागलंय का? आईचंही असंच सुरू झालं होतं. घरात कधी नसलेल्या मांजराला ती हाका मारायची.

९ मार्च, रविवार

तिन्ही फळ्या जमिनीवर काढल्या. प्रत्येक कव्हरात हात घातला, न जाणो अशीच दुसरी असेल. त्या पसाऱ्यात लेक आली, गुंडीला घेऊन.

“आई, काय शोधतेयस?”

“मामाची रेकॉर्ड.”

“अगं, ती टेबलावर आहे ती कुठली?”

“तीच.”

“मग?”

“तीच आहे, पण ती ती नाहीये.”

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने खिडकीतल्या दातांकडे पाहिलं. मी काही आंधळी नाही.

विषय बदलायला म्हणून मी पाळणाघराचं विचारलं. आजवर सहा बघितली. एकाच्या भिंती फार पिवळ्या. एकातली बाई फार मोठ्याने हसते. एकात सगळं चांगलं होतं, पण ‘तिथे कसंतरी वाटलं’. मला काय ते समजलं. ती माझी समजूत घालतेय. आई, तुझ्याकडे ठेवत नाही, पण तिथेही ठेवत नाही, असं. गुंडीला तिने दोन तासांत एकदा खाली ठेवलं नाही. माझ्या मांडीवर दिली तेव्हाही लेकीचा एक हात तिच्या पायाखाली होताच, जणू मी पाडणारच आहे.

“अगं, हात काढ. मी तुलाही वाढवलंय,” मी म्हटलं.

“हो गं,” म्हणाली. हात नाही काढला.

विसरले: चहा गाळायला. आख्खी पत्ती कपात. सगळे मुकाट्याने प्याले, हे जास्त वाईट.

१२ मार्च, बुधवार

दादाला विचारावं का? तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याला त्या घरातलं सगळं आठवतं. कान गेलेत पण डोकं लख्ख. अजून मला ‘रडूबाई’ म्हणतो, त्रेसष्टाव्या वर्षी, चारचौघांत.

दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. विचारलं आणि तो म्हणाला, ‘अगं, असंच तर होतं’, तर मग संपलंच. तोवर निदान अर्धी आशा आहे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तपासणीची नाही. गुंडी मला आज्जी म्हणायला लागेल आणि मी तिला विचारीन, बाई, तुम्ही कुठून आलात? त्याची.

१५ मार्च, शनिवार

ह्यांनी माझ्या पाठीमागे दादाला फोन केला. उद्या येतोय. मी तावातावाने म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसता उद्योग करायला? तर म्हणाले, “तू झोपेत ते गाणं म्हणतेस. तीन दिवस ऐकतोय. मलाही पाठ झालं.”



१६ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

दादा आला, पाणी प्यायला, कानात मशीन बसवलं, म्हणाला, “लाव.” लेक गुंडीला घेऊन दारात उभी. हे उगाच चष्मा पुसत बसलेले. मी रेकॉर्ड लावली.

पोरगा गायला लागला मात्र, दादा खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि त्याचा तो दुखरा गुडघा ठेक्यावर हलायला लागला. “हेच! अगं, अगदी हेच! किती वर्षांनी!”

मी कपाटाला धरलं.

“असंच होतं, दादा?”

“असंच म्हणजे? मामाने आणली त्या दिवशी अख्खं घर नाचलंय ह्याच्यावर. मामा, मी, आई. बाबासुद्धा! बाबांना कधी हसताना तरी पाहिलंयस का तू?”

लेक खाली बघत होती. ह्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मी म्हटलं, जाऊ दे, आता लपवून काय करायचंय. “दादा, मला तर ह्यात म्हातारा आठवतो. आणि घंटा अशी… आणि भोंगा.” मी भोंगा काढून दाखवला. आवाज फाटला माझा.

दादा नाचायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम हसत सुटला. इतका की खोकल्याची ढास लागली.

“अगं रडूबाई! तुला हे कुठून आठवणार? तू पाळण्यात होतीस! तुझं गाणं निराळं. ह्या यंत्राची कळ कुठाय?”

त्याने बोटाने चाचपून कळ शोधली आणि पंचेचाळीसवरून तेहतीसवर सरकवली.

गाणं पेंगुळलं. पोरग्याचा आवाज खाली खाली गेला, जड झाला, आणि माझा म्हातारा आला! घंटा, ठण्… ठण्… तशीच. मी श्वास धरून थांबले. ट्रंपेटांची जागा आली, आणि भोंगा वाजला. मामाच्या जहाजाचा भोंगा. दोनदा.

मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. लाजबीज काही वाटली नाही. हे म्हणाले, “अरे, हेच ते, झोपेतलं!” आणि त्यांचेही डोळे भरलेले.

मग दादाने सांगितलं. मी जन्मजात रडकी. दुपारभर रडायचे, आईला शिवायला बसू द्यायचे नाही. गिऱ्हाइकांचे कपडे तुंबलेले. एकदा मामाचं गाणं चालू असताना दादाचाच धक्का लागला, कळ सरकली, गाणं मंदावलं, आणि मी गप्प. आईने पाळण्यात वाकून बघितलं तर मी टक्क जागी, ऐकतेय. दुसऱ्या भोंग्याला झोपले. आईने तिथल्या तिथे मशीनवरचा काळा दोरा तोडला आणि कळ तेहतीसवर बांधून टाकली. बाकीच्या रेकॉर्ड मोठ्याच होत्या, त्यांचं काही अडलं नाही.

“आम्हाला मग पुन्हा कधी नाचायला मिळालं नाही,” दादा म्हणाला. “मी दोरा सोडायला गेलो तर आई म्हणाली, खबरदार, ते आता तिचं गाणं आहे.”

इतकी वर्षं रेकॉर्ड जमवतेय मी! सगळ्यात आधी ती कळच बघायची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती कळ बघायला मन ठिकाणावर लागतं. माझं भीतीने गारठलं होतं.

मग दादाने पुन्हा पंचेचाळीस केलं, म्हणाला, बास झालं तुझं रडगाणं, आणि मला ओढलं. आम्ही नाचलो. एक एकाहत्तरचा, एक त्रेसष्टची, चार गुडघ्यांत मिळून एक धड. गुंडी टाळ्या वाजवण्याच्या नादात स्वतःच्याच नाकावर हात मारून घेत होती.

दादा गेल्यावर हे हळूच म्हणाले, “त्या किल्ल्या बहुतेक मीच ठेवल्या असतील. भाजी मी आणली होती त्या दिवशी.”

बहुतेक! आणि पंधरा दिवस हा माणूस गप्प!

१७ मार्च, सोमवार

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे.

शेवटच्या वर्षात आईला माझं नाव येत नव्हतं. मी तिचे केस विंचरायला बसले की ती हे गाणं गुणगुणायची. मला वाटायचं तिला मामा आठवतोय, आणि मला वाईट वाटायचं, की भाऊ आठवतो आणि मी नाही. तिने नाचाचं गाणं ऐकलं होतं, त्याच्यावर ती नाचलीही होती. पण गुणगुणायची ते मंद. भोंग्यासकट.

म्हणजे माझंच.

आज एवढंच लिहिते. छान रडले. भाजीत मीठ दोनदा पडलं असावं, कारण ह्यांनी तीनदा पाणी मागितलं.

१९ मार्च, बुधवार

तपासणी झाली. घड्याळ काढा, शंभरातून सात सात वजा करा, पाच शब्द लक्षात ठेवा. शब्द अजून सांगते: कंदील, गाढव, पूल, लिंबू, मंगळवार. त्यांच्या छापील कागदावर दोन चुका होत्या, त्याही दाखवल्या. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच मान डोलवायच्या थांबल्या.

म्हणाल्या, “तुमचं डोकं ठणठणीत आहे. आजाराचं काही लक्षण नाही. काळजी फार करता, त्याने लक्ष उडतं. झोप काढा आणि कधीतरी विसरत जा, सगळेच विसरतात.” वर्षाने पुन्हा दाखवायचं, एवढंच.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ह्यांनी विचारलं, काय गं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, गाढव. हे आधी घाबरले, मग हसले. मला किती दिवसांनी पोटभर भूक लागली.

मागच्या वेळची छत्री परत आणली. ह्यांची टोपी तिथे राहिली, पण ती त्यांची चूक.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “मला माहीतच होतं गं, आई.” मग थोडी थांबून, “म्हणजे आता गुंडीला तुझ्याकडेच ठेवायची तर…” आवाज कसा रडवेला झाला होता. आनंदानेच असणार.

२४ मार्च, सोमवार

गुंडी आली. बरोबर तीन पिशव्या. लेक पायरीपर्यंत गेली आणि परत आली, लंगोट द्यायचे राहिले म्हणून. ते पहिल्याच पिशवीत होते. मग परत आली, ताप आला तर काय करायचं ते सांगायला. मग परत आली, पण काही सांगायचंच नव्हतं. नुसतीच दारात उभी, गुंडीचा पाय धरून.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पिवळ्या भिंती, ती मोठ्याने हसणारी बाई, तो पायाखालचा हात. ह्यातलं काहीच माझ्यामुळे नव्हतं. हिला पोर सोडवत नाहीये. आणि मी मूर्ख महिनाभर सगळं स्वतःवर ओढून बसले होते.

“पाय दे माझ्याकडे,” मी म्हटलं. “जा. काही होत नाही. मीही तुला सोडून छापखान्यात गेलेच की, आणि पहिला आख्खा दिवस बाथरूममध्ये रडले.”

“तू?”

“मग काय! रडूबाई आहे मी. तुझ्या मामाला विचार.”

तशी हसली आणि गेली. नाक पुसत.

अकरापर्यंत सगळं झकास. मामाचं गाणं लावलं, पंचेचाळीसवर, गुंडीने पाय झाडून चादर खाली पाडली. हे कवळी टाकून बघायला आले, तेही नाचले. दुपारी मात्र पोरीने असा सूर लावला की शेजारीण डोकावली. खांद्यावर घेतलं, फिरवलं, काही म्हणता काही नाही. ह्यांनी तोंडाने बैल, इंजिन, बदक, सगळं काढून झालं.

मग मी कळ सरकवली.

म्हाताऱ्याने सुरुवात केली आणि गुंडी गप्प झाली. टक्क जागी. ऐकतेय. पहिल्या भोंग्याला डोळे जड, दुसऱ्याला मिटले. मी शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला.

बांधतच होते तेवढ्यात फोन. लेक, तोंडावर हात ठेवल्यासारखी बोलत होती. ऑफिसच्या बाथरूममध्ये असणार.

“रडतेय ना? खरं सांग.”

“कोण? ती की तू?”

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि फोन रेकॉर्डजवळ धरला. म्हातारा गायला. घंटा वाजली. पलीकडे हुंदका आला, मग नुसता श्वास, मग तोही सावकाश होत गेला. गाणं संपलं तरी तिने फोन ठेवला नाही. मी परत लावलं.

विसरले: फोन ठेवायला.